‘मलेशियन साल’ म्हणजे नेमके कोणते लाकूड?

नवी मुंबई, पनवेल, उरण या पट्ट्यात दाराची चौकट, जिन्याच्या पायऱ्या किंवा गच्चीवरचा मांडव करायचा म्हणून वखारीत गेले की काही ठरावीक नावे कानावर पडतात : मलेशियन साल, रेड साल, मरबाऊ, मरांडी, कापूर. यांपैकी एकही नाव लागू पडत नसेल तर नुसते ‘हार्डवुड’. आमचे कितीतरी बांधव या धंद्यात आहेत. कोणी वखार चालवतो, कोणी सॉ मिलवर आहे, कोणी चौकटींची ठेकेदारी घेतो, कोणी उरण-करंजाच्या बाजूला बोटींची डागडुजी करतो. यांना विचारून पाहावे की बाबांनो, मलेशियन साल म्हणजे कोणते लाकूड? बहुतेकांचे उत्तर एकच येते, ‘जे हाताला जड लागते ते.’ हे उत्तर महागात पडणारे आहे. ते का, आणि त्याऐवजी काय पाहावे, याची माहिती आम्ही या लेखात देत आहोत.

आमच्या वडीलधाऱ्या मिस्त्रींना साग, ऐन, किंजळ, नाणा, जांभा ही कोकणची लाकडे नुसत्या रंध्याच्या आवाजावरून कळत. कारण झाड गावच्या रानातले, साल आणि पान रोज पाहिलेले. पुढे परिस्थिती बदलली. १९८८ च्या राष्ट्रीय वनधोरणाने जंगल हे कारखान्यांच्या कच्च्या मालाचे कोठार नाही असे ठरवले. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात जंगलतोडीवर कडक निर्बंध घातले आणि केंद्राच्या मंजुरीविना जंगलात चालणाऱ्या करवत गिरण्या थांबवल्या. तोवर न्हावा-शेवा बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झालेलेच होते. परदेशी लाकडाचा कंटेनर आपल्या दाराशी येऊन उतरू लागला.

हा माल येतो तो बहुधा कापलेल्या, चौकोनी रूपात. मलाया द्वीपकल्पातून अख्ख्या ओंडक्यांची निर्यात १९८५ पासून बंद आहे. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडके बाहेर पाठवणे बंद केले. म्हणजे झाडाची साल नाही, पान नाही, ओंडक्याचा घेर नाही. ओळखीच्या साऱ्या खुणा परदेशातच राहतात आणि आपल्या हाती उरतो चार बाजूंनी तासलेला एक तांबूस किंवा पिवळसर ठोकळा. त्याला दलाल जे नाव देईल ते नाव.

वजन काय सांगते, काय सांगत नाही

शास्त्र असे आहे की कोणत्याही लाकडाचा मूळ घन पदार्थ जवळजवळ सारख्याच वजनाचा असतो, पाण्याच्या सुमारे दीडपट. सावरीचे लाकूड हलके आणि सालाचे जड, कारण सावरीत पोकळी जास्त आणि सालात कमी. पोकळी कमी असली की लाकूड ओझे पेलते, खिळा घट्ट धरते, पायाखाली लवकर झिजत नाही. एवढे सारे वजनावरून कळते. टिकाऊपणा मात्र कळत नाही. वाळवी लाकूड खाईल की नाही, ते कुजेल की नाही, हे झाडाने आपल्या गाभ्यात कोणती तेले, टॅनिन व राळ साठवून ठेवली यावर ठरते.

याचा सर्वांत मोठा पुरावा आपल्याच मुंबईत घडलेला आहे. साग हे काही फार जड लाकूड नाही; घनमीटरला सुमारे ६५० किलो. तरीही सागाचे ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज मुंबईच्या गोदीत वाडियांच्या हाताखाली बांधले गेले, १८१७ मध्ये पाण्यात उतरले आणि मोठ्या डागडुजीनंतर आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगत आहे.

याच्या उलट उदाहरण ‘केंपास’ या मलेशियन लाकडाचे. वाळलेले केंपास घनमीटरला ७७० पासून ११२० किलोपर्यंत भरते. म्हणजे पुष्कळदा सागाच्या सव्वा ते दीडपट. उचलताना कंबर वाकते, रंग छान नारिंगी-तांबडा. परंतु औषध न दिलेले केंपास उघड्यावर टिकत नाही आणि वाळवी त्याला आवडीने खाते. मलेशियात ते औषध पाजून रेल्वेच्या स्लीपरसाठी वापरत, कारण औषध ते चांगले शोषते. मलेशियाने आपल्या लाकडांचे वर्ग पाडले आहेत, त्यात ‘जड हार्डवुड’ या वर्गात बसण्यासाठी वजनाबरोबर अंगचा टिकाऊपणाही लागतो. बलाऊ, चेंगल, मरबाऊ त्या वर्गात आहेत. केंपास इतके वजनदार असूनही मधल्या वर्गात आहे. खुद्द विकणारा देश जो फरक करतो, तो आपल्या वखारीत येईपर्यंत पुसला जातो.

आपल्या भारतीय मानकांतही टिकाऊपणाचे तीन वर्ग आहेत. लाकडाच्या खुंट्या जमिनीत अर्ध्या पुरून ठेवायच्या आणि किती महिने तग धरतात ते पाहायचे. या जागेला शास्त्रज्ञ मंडळी इंग्रजीत चक्क ‘कबरस्तान’ म्हणतात! सरासरी १२० महिने किंवा अधिक टिकले तर पहिला वर्ग, ६० ते १२० महिने दुसरा, त्याहून कमी तिसरा. हे आकडे गाभ्याचे आहेत हे मात्र विसरू नये. ओंडक्याच्या बाहेरचा जो फिकट पट्टा असतो, ज्याला बाजारात सॅपवुड म्हणतात, तो कोणत्याही झाडाचा टिकत नाही, सागाचाही नाही. पनवेलकडील एका मिस्त्रीने आम्हाला सांगितले की त्याने बसवलेल्या चौकटींपैकी ज्या दोन वाळवीने पोखरल्या, त्या दोन्हींत भिंतीकडच्या बाजूला फिका पट्टा दडवलेला होता. लाकूड चांगले होते, काप लबाड होता.

साल, बलाऊ आणि मरांडीचे नाते

आता नावाकडे येऊ. मध्य व उत्तर भारताच्या जंगलांतील आपले साल म्हणजे ‘शोरिया रोबस्टा’. मलेशियाचे बलाऊ हेही शोरिया जातीचेच, म्हणून व्यापाऱ्यांनी त्याला मलेशियन साल म्हटले. यात काही खोटे नाही. बलाऊ घनमीटरला ८५० किलोच्या पुढेच असते, ११०० पर्यंतही जाते, आणि टिकण्यात उत्तम. तांबडे बलाऊ, ज्याला आपण रेड साल म्हणतो, ते वजनाने थोडे कमी आणि टिकाऊपणात एक पायरी खाली. पण गंमत अशी की मरांडी, म्हणजे मेरांती, हीसुद्धा शोरियाच. ती घनमीटरला ५०० किलोच्या आसपास, नरम, आतल्या कामाला ठीक, उघड्यावर पावसात घालण्याजोगी नव्हे. तेव्हा बिलावर नुसते ‘शोरिया’ लिहून आले तर त्यात बलाऊही मावते आणि मरांडीही. भावात जमीन-अस्मानाचा फरक असलेल्या दोन वस्तूंना एकच शास्त्रीय आडनाव आहे, हे ध्यानात असू द्यावे.

चेंगल आपल्याकडे क्वचितच येते. तेरेंगानूच्या किनाऱ्यावरचे मलय कारागीर त्याच्या बोटी नकाशा न काढता, डोळ्यांच्या अंदाजाने बांधत आले. केलांतान राज्यातील कांपुंग लाऊत ही मलेशियातील फार जुन्या मशिदींपैकी एक चेंगलच्या लाकडाची आहे. नदीच्या पुरांमुळे १९६० च्या दशकात ती सोडवून निलम पुरी येथे पुन्हा उभी केली. इतक्या जुन्या खांबांना उतरवून परत जोडता यावे, यावरून त्या लाकडाची कल्पना यावी.

दुकानात करण्याजोगी तपासणी

पहिली तपासणी वजनाचीच, पण काट्यावर; हाताच्या अंदाजाने नव्हे. वाळलेल्या मालातून ३ इंच बाय ३ इंच बाय ४ इंच असा अचूक ठोकळा कापावा. असे ४८ ठोकळे मिळून एक घनफूट होतो. म्हणून ठोकळ्याच्या वजनाला ४८ ने गुणले की घनफुटाचे वजन आले. ठोकळा ३८० ग्रॅम भरला तर घनफूट १८ किलोच्या वर, म्हणजे सागाच्या आसपास. ४७० ग्रॅम भरला तर साडेबावीस किलो, हे मरबाऊचे सर्वसाधारण वजन. ५६० भरला तर जवळजवळ २७ किलो, तेव्हा बलाऊ असण्याचा संभव. ३०० च आला तर बिलावर काहीही लिहिलेले असो, ते मरांडीसारखे हलके लाकूड आहे.

येथे ‘वाळलेला’ हा शब्द महत्त्वाचा. ओलावा भरपूर असलेल्या मरांडीचा तोच ३०० ग्रॅमचा ठोकळा ४०० च्या पुढे जातो आणि वाळलेल्या सागाहून जड लागतो. पाण्यात टाकून बुडते का पाहण्याची रीतही ओल्या मालाला लावू नये. ब्रह्मदेशात सागाची झाडे उभ्याउभ्या साल काढून दोन-तीन वर्षे वाळवत, ती याचसाठी की ताजा सागाचा ओंडका नदीत तरंगत नसे.

ओलावा मोजायचे यंत्र नसेल तर साधा उपाय आहे. पाटीच्या टोकापासून हातभर आतला एक काप घ्यावा, लगेच तोलावा, मग भट्टीत १०३ अंश सेल्सिअसला वजन उतरायचे थांबेपर्यंत वाळवून पुन्हा तोलावा. ५०० ग्रॅमचा काप ४०० वर आला तर घट १०० ग्रॅम, आणि ओलावा २५ टक्के; कारण टक्केवारी कोरड्या वजनावर काढतात. आपल्या समुद्रकाठच्या दमट हवेत दारे-खिडक्यांच्या लाकडात १४ ते १६ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. २५ टक्क्यांची चौकट बसवली तर ती भिंतीत बसल्यावर वाळणार आणि पीळ घेणार. दोष मग सुताराच्या माथी.

दुसरी आणि खरी तपासणी आडव्या छेदाची. पाटीचे टोक करवतीने कापलेले असते, त्यावर काही दिसत नाही. नव्या ब्लेडने किंवा चांगल्या परजलेल्या पटाशीने बोटाच्या पेराएवढी जागा गुळगुळीत साफ करावी, थोडे पाणी लावावे आणि भिंगातून पाहावे. भिंग जवाहिरे वापरतात ते दहापट मोठे दाखवणारे असावे. ते झवेरी बाजारात सहज मिळते आणि एका चौकटीच्या किमतीपुढे त्याची किंमत काहीच नाही.

बलाऊच्या छेदावर बारीक पांढऱ्या ठिपक्यांच्या लांबच लांब रेघा दिसतात, झाडाच्या घेराला समांतर, जणू कोणी खडूने कमानी ओढल्या. या राळेच्या नळ्या होत. शोरिया जातीची ही पक्की खूण. पण मरांडीतही त्या असतात, म्हणून रेघा दिसल्या की वजनाचा ठोकळा पुन्हा आठवावा. रेघा आणि वजन दोन्ही जमले तरच बलाऊ. गर्जन किंवा केरुइंगमध्ये राळेच्या नळ्या सुट्या-सुट्या किंवा आखूड तुकड्यांत असतात आणि उन्हात त्यातून चिकट राळ पाझरते. ‘कापूर’ नावाच्या लाकडातही लांब रेघा असतात, पण ताजा रंधा मारला की कापराचा वास येतो. नाव त्यावरूनच पडले. सुमात्राच्या बारूस बंदरातून अरब व्यापारी जो काफूर नेत, तो याच झाडाच्या जातीचा.

मरबाऊत राळेच्या रेघा मुळीच नसतात. त्याची छिद्रे मोठी, नुसत्या डोळ्यांनी दिसणारी, आणि प्रत्येक छिद्राभोवती फिकट रंगाचे डोळ्याच्या आकाराचे कडे असते. पाटीच्या लांबीवर या छिद्रांचे ओरखडे गंधकासारख्या पिवळ्या भुकटीने भरलेले दिसतात. थोडा भुसा पांढऱ्या पेल्यात पाणी घालून ठेवला तर पाणी पिवळसर-तपकिरी होते. केंपासची छिद्रेही मोठी असतात, परंतु त्यांभोवतीची फिकट कडी एकमेकांना जोडून लाटांसारखी पसरतात, आणि मधूनमधून दगडासारख्या कठीण, गडद शिरा आडव्या येतात. अशी शीर दिसली की आम्ही तो माल चौकटीसाठी घेऊ नये असेच सांगू. पातही त्यावर बोथट होते.

कामाला घेताना

ही लाकडे सागासारखी वागत नाहीत. रेषा उलटसुलट गुंतलेला असतो, त्यामुळे रंधा एका पट्ट्यात सुरळीत चालतो आणि शेजारच्यात उचकटतो. पात वरचेवर परजावे, काप पातळ ठेवावा, यंत्रावर माल सावकाश सोडावा. खिळा किंवा स्क्रू थेट ठोकू नये; आधी गिरमिटाने किंवा ड्रिलने भोक पाडावे. पितळी स्क्रू लावायचा असेल तर प्रथम त्याच मापाचा लोखंडी स्क्रू मेण लावून फिरवून घ्यावा, नाहीतर पितळीचे डोके तुटून हातात येते.

मरबाऊला साधे लोखंड आणि पाणी एकत्र लागले की निळे-काळे डाग पडतात. स्टेनलेस स्टील किंवा पितळ वापरावे. शिवाय पहिल्या पावसात मरबाऊ तपकिरी पाणी सोडते. नव्या संगमरवरी पायरीवर हे पाणी ओघळले की गिऱ्हाईक ठेकेदाराचे पैसे अडकवते, आणि बिचाऱ्याला कळतही नाही की लाकूड अस्सल असल्यामुळेच हे झाले! बाहेरच्या कामाचा मरबाऊ आधी पाण्याने भरपूर धुऊन घ्यावा, किंवा सर्व बाजूंनी, टोकांसकट, लेप द्यावा. वाळताना तो फारसा आक्रसत नाही, हा त्याचा मोठा गुण. चौकट एकदा बसली की बसली.

बलाऊचे उलटे. ते फार सावकाश वाळते आणि टोकांना भेगा पडतात. माल आला की टोकांना मेण किंवा घट्ट रंग फासावा, मधे सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून सावलीत रचावा. बोटीवाल्यांसाठी एक सूचना : मरबाऊ जमिनीवर टिकतो म्हणून खाऱ्या पाण्याखालीही टिकेल असे समजू नये. समुद्रात लाकूड पोखरणारे शिंपल्याच्या कुळातले किडे त्याला सोडत नाहीत. आणि या सर्व लाकडांवर काम करताना नाकाला फडके हवेच. भुसा घशाला व कातडीला त्रास देतो.

कागद पाहून घ्या

थेट आयात करणाऱ्यांनी नावाच्या बाबतीत अधिक सावध राहावे. २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशानुसार कोणते लाकूड कोणत्या देशातून आणता येते याच्या याद्या शास्त्रीय नावाने आहेत. माल निघण्यापूर्वी त्या देशात धुरी दिलेली असावी लागते : मिथाइल ब्रोमाइड, घनमीटरला ४८ ग्रॅम, २४ तास, २१ अंश किंवा अधिक तापमानाला, अथवा मान्य असलेली दुसरी प्रक्रिया. दाखल्यावरचे नाव आणि कंटेनरमधले लाकूड जुळले नाही तर माल न्हावा-शेव्यात अडकतो आणि भाडे दिवसागणिक चढते.

आफ्रिकेतून येणाऱ्या मालात आणखी एक गोष्ट आहे. ‘दुसिए’ म्हणजे अफ्झेलिया हे लाकूड मरबाऊसारखेच दिसते, पिवळी भुकटीसुद्धा तशीच. आफ्रिकेतील अफ्झेलिया आणि पडौक ही २०२२ च्या पनामा परिषदेत साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेली व २३ फेब्रुवारी २०२३ पासून त्यांना परवाना लागतो. मरबाऊला लागत नाही. साइट्सच्या यादीला आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीने स्थान मिळालेले आहे, त्यामुळे ‘आम्हाला मरबाऊ म्हणून दिले’ ही सबब पुरेलच असे नाही. भिंगाने येथे निकाल लागत नाही, प्रयोगशाळाच हवी.

करारात आखूड अक्षरे येतात, त्यांचा अर्थ आधी विचारून घ्यावा. बलाऊच्या मालावर ‘पीएचएनडी’ लिहिलेले असते. याचा अर्थ टाचणीएवढी भोके हा दोष धरला जाणार नाही. ही भोके जंगलात ओल्या ओंडक्याला पडलेली असतात. वाळलेल्या लाकडात तो किडा जगत नाही, त्यामुळे बळकटीला बाध नाही. पण गिऱ्हाइकाला पॉलिशचे काम हवे असेल तर हा माल घेऊच नये, कारण नंतर तक्रार चालत नाही. भोकातून ताजी भुकटी पडत असेल तर मात्र ते भिरूड आहे, तो वेगळा मामला.

स्थानिक खरेदीतही बिलावर चार गोष्टी लिहून घेण्याचा आग्रह धरावा : लाकडाचे शास्त्रीय नाव व देश, ओलावा किती टक्के, सॅपवुड किती चालेल, आणि माप कोणते. मापाची बाब लहान नाही. गोल ओंडक्यासाठी हॉप्पस पद्धतीत घेराचा चौथा भाग घेऊन त्याचा वर्ग करतात आणि लांबीने गुणतात. यात खऱ्या घनफळाचे सुमारे साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच मोजले जाते. एक घनमीटर म्हणजे ३५.३ साधे घनफूट, पण हॉप्पसचे २७.७ च. घनमीटरने विकत घेऊन हॉप्पसने विकणाऱ्याने भाव लावण्यापूर्वी हे गणित कागदावर करून पाहावे.

शंका उरलीच तर देहरादूनची वन संशोधन संस्था आणि बंगळुरूची काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्था फी घेऊन लाकूड ओळखून देतात. देहरादूनला लाकडाच्या हजारो नमुन्यांचा संग्रह आहे, त्याच्याशी आपला तुकडा ताडून पाहता येतो. नमुना गाभ्याचा, गाठ व भेग नसलेला, रंग-पॉलिश न लावलेला पाठवावा. त्याच पाटीचा दुसरा तुकडा, त्यावर तारीख व लॉट नंबर घालून, आपल्याजवळ ठेवावा, आणि अहवाल येईपर्यंत तो लॉट कापू नये.